तारीख नसलेले निरोप : व्हॉट्सॲपच्या ‘फॉरवर्ड’ सोयीचे परीक्षण

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. रामदासपेठेतील एका रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाला बी निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज आहे, नातेवाईक बाहेरगावचे आहेत, कृपया आजच संपर्क साधावा, असा मजकूर होता आणि खाली एक मोबाइल क्रमांक दिलेला होता. माझ्या भाच्याचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे आणि तो लक्ष्मीनगरात राहतो, म्हणून त्याला कळवण्याआधी मी स्वतःच त्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “ताई, ते दोन वर्षांपूर्वीचं आहे. रक्त मिळालं होतं, पण बाबा त्याच आठवड्यात गेले. अजून फोन येऊन राहिले.” मी क्षमा मागितली. “तुमची काय चूक ताई, तुम्ही तर मदतच करत होत्या,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ग्रुपवर हा संदेश टाकणारी आमच्याच इमारतीतली मुलगी अतिशय भली आहे. मी तिला विचारले तेव्हा ती खरोखर घाबरली. “काकू, मला माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर आलं होतं. कोणाचा जीव वाचेल म्हणून लगेच पाठवलं,” असे ती म्हणाली, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. संदेशात खोटे असे काहीच नव्हते. रुग्ण खरा होता, रक्तगट खरा होता, क्रमांकही खरा होता. त्यात फक्त दिनांक नव्हता.

नागपुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी २७ वर्षे काम केले आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ग्रंथालयात आलेले कोणतेही पुस्तक कपाटात जाण्याआधी दाखल नोंदवहीत चढते. दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, कोणाकडून घेतले आणि किती किमतीला, हे सारे एका ओळीत बसते आणि ते लिहिल्याशिवाय पुस्तक वाचकाच्या हाती जात नाही. त्या सवयीनेच मी फेब्रुवारी ते एप्रिल असे तीन महिने माझ्या फोनवर आलेल्या पुढे पाठवलेल्या संदेशांची एक वही ठेवली. कोणाकडून आला, कधी आला, मूळ कोणाचा, मूळ दिनांक कोणता आणि पडताळणीत काय निघाले, असे पाच रकाने आखले. ज्या ग्रुपची मी ॲडमिन आहे तो त्रिमूर्तीनगरातील आमच्या सोसायटीचा ग्रुप, माहेरच्या मंडळींचा ग्रुप, निवृत्त सहकाऱ्यांचा ग्रुप आणि अंबाझरी उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांचा ग्रुप, अशा चार ठिकाणचे संदेश त्यात आले. या वहीच्या आधारावर मी हे परीक्षण लिहीत आहे आणि ते संपूर्ण व्हॉट्सॲपचे नसून त्यातील फॉरवर्ड करण्याच्या एकाच सोयीचे आहे. परगावी असलेल्या मुलीचा चेहरा रोज पाहता येतो याबद्दल मी या ॲपची ऋणी आहे, पण तो या लेखाचा विषय नाही.

वही लिहायला घेतली तेव्हा माझी अपेक्षा अशी होती की, खरे-खोटे ठरवण्याचा शेवटचा रकाना सर्वांत अवघड जाईल. प्रत्यक्षात तो बराच सोपा गेला. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वश्रेष्ठ ठरवले, किंवा दोन हजार रुपयांच्या नोटेत चिप आहे, यांसारखे संदेश इतके जुने आणि इतक्या वेळा खोडून काढलेले आहेत की त्यांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. राष्ट्रगीताबद्दलचा दावा युनेस्कोने २००८ मध्येच नाकारला होता. कोराच राहिला तो मूळ दिनांकाचा रकाना. अगदी खोटे संदेश होतेच, परंतु त्यांच्याहून मोठा गठ्ठा निघाला तो एकेकाळी खऱ्या असलेल्या संदेशांचा. हरवलेला मुलगा केव्हाच घरी पोहोचलेला असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत मागच्या वर्षी संपलेली असते, नेत्रतपासणी शिबिर होऊन गेलेले असते, ‘उद्या पाणीपुरवठा बंद’ यातील उद्या कोणता हे कोणालाच ठाऊक नसते. आमच्या इमारतीत अशाच एका सूचनेमुळे मार्चमध्ये घरोघरी पिंप आणि बादल्या भरून ठेवल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी नळ नेहमीच्या वेळी आले. पाणी वाया गेले. उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरात ही गोष्ट लहान नाही.

आता या सोयीची रचना पाहू. संदेशावर बोट दाबून धरले की बाणाचे चिन्ह दिसते, ते दाबले की नावांची यादी उघडते, नावांवर खुणा करायच्या आणि पाठवायचे. चार-पाच सेकंदांचे काम आहे. पुढे गेलेल्या संदेशाच्या माथ्यावर वळलेला बाण आणि फिकट अक्षरांत ‘फॉरवर्ड केलेला’ अशा अर्थाची ओळ येते. मूळ लिहिणाऱ्याचे नाव गळते, त्याने लिहिले तो दिवस आणि ती वेळही गळते, आणि त्या जागी दिसते ती शेवटच्या पाठवणाऱ्याची वेळ. दोन वर्षांपूर्वी लिहिलेला मजकूर आज सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी आलेला दिसतो. मला या सोयीत जे खटकते त्याचे मूळ या एका बदलात आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवते.

ती ओळ पूर्वी नव्हती. ती आणि तिच्यानंतरच्या मर्यादा कशा आल्या हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, रैनपाडा या गावी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्यांबद्दलचे संदेश आणि व्हिडिओ त्या काळात देशभर फोनांतून फिरत होते आणि इतर राज्यांतही अशा हत्या झाल्या होत्या. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने फॉरवर्डची ओळ आणली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फोटो-व्हिडिओंच्या शेजारी असणारे झटपट पुढे पाठवण्याचे बटण भारतापुरते काढून टाकले. पाचची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये दुहेरी बाण आला. किमान पाच हातांतून पुढे गेलेल्या संदेशावर तो उमटतो. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, असा दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण जगभरात ७० टक्क्यांनी घटले असे कंपनीने जाहीर केले. २०२२ पासून एकदा पुढे आलेला संदेश एका वेळी एकाहून अधिक ग्रुपवर टाकता येत नाही.

या मर्यादांचा उपयोग होतो, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या फिरायला येणाऱ्या ग्रुपमधील एक आजोबा पूर्वी सकाळी उठल्याबरोबर सुविचार, औषधे आणि इशारे यांचा वर्षाव वीस-पंचवीस ठिकाणी करत असत. आता प्रत्येक ठिकाणासाठी तीच कृती पुन्हा करावी लागते म्हणून ते दोन-तीन ग्रुपवर थांबतात. रस्त्यावरचा गतिरोधक गाडीचा वेग कमी करतो तसेच हे आहे. दुहेरी बाणाने मात्र मला निराश केले. हा बाण वाचणाऱ्याला सावध करण्यासाठी आहे, परंतु माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी त्याचा अर्थ उलटाच घेतलेला आढळला. “दोन बाण आहेत म्हणजे खूप लोकांनी पाठवलाय, म्हणजे महत्त्वाचाच असणार,” हे वाक्य मी तीन महिन्यांत निदान चार वेळा ऐकले. ज्या खुणेचा अर्थ शिकवावा लागतो आणि शिकवणारे कोणी नसते, ती खूण अपुरी म्हणावी लागते. बाणांऐवजी ‘हा संदेश पाच किंवा अधिक हातांतून आला आहे, लिहिणारा तुमच्या ओळखीचा नसण्याची शक्यता आहे’ असे साध्या मराठीत लिहिले असते तर आमच्या आजोबांनाही ते कळले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ही खूण संदेशाला बाहेरून चिकटवलेली असते, त्यामुळे ती सहज निघते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण नाहीसा होतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. स्क्रीनशॉट काढला तरी तेच. कपट मनात नसलेली माणसेही हे रोज करतात, कारण पुष्कळांना वरचा नमस्कार किंवा खालची जाहिरात काढून मजकूर नीटनेटका करायचा असतो.

मर्यादांच्या पलीकडे जाऊन एक गोष्ट मला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे कळली होती, फक्त तिचा अर्थ मी वही लिहिताना लावला. त्या रात्री नागपुरात अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत, अंबाझरी ले-आउट आणि धरमपेठेच्या भागांत, झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरले. आमच्या ग्रुपवर त्या पहाटे दोन प्रकारचे संदेश येत होते. एक प्रकार स्वतः लिहिलेल्यांचा होता : ‘सव्वासहा वाजले, शंकरनगरकडे जाऊ नका, कमरेइतके पाणी आहे, मी परत फिरलो.’ दुसरा प्रकार पुढे पाठवलेल्यांचा होता, आणि त्यात कुठल्या तरी भलत्याच धरणाचा व्हिडिओ अंबाझरीच्या नावाने आला. पहिल्या प्रकारच्या संदेशांनी आमच्या इमारतीतल्या दोन कुटुंबांना आपल्या वृद्ध नातेवाइकांपर्यंत सुरक्षित वाटेने पोहोचता आले. दुसऱ्या प्रकाराने तळमजल्यावरच्या एका बाईंना रडू कोसळले. ॲप एकच, ग्रुप एकच, माणसेही तीच. फरक असा की, पहिल्या संदेशात पाहणारा, ठिकाण आणि वेळ तिन्ही होते.

पुढे पाठवलेल्या संदेशाची दुरुस्ती त्याच्या मागोमाग का जात नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण आमच्या शहरानेच पुरवले आहे. मे २०२४ च्या अखेरीस, उष्णतेची लाट असताना, रामदासपेठेतील पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नागपूरचे तापमान ५६ अंश सेल्सिअस दाखवले. ती संख्या कोणा खोडसाळाने रचलेली नव्हती, यंत्राने नोंदवलेली होती. ‘नागपूर ५६ अंश’ अशी प्रतिमा काही तासांत आमच्या चारही ग्रुपवर आली आणि पुण्याच्या माझ्या मावसबहिणीने काळजीने फोन केला. नंतर हवामान विभागाने स्पष्ट केले की, त्या केंद्राचा संवेदक बिघडलेला होता आणि ती नोंद ग्राह्य नाही. मी तो खुलासा माझ्या परीने चारही ग्रुपवर टाकला. तो कोणी पुढे पाठवल्याचे मला आढळले नाही. यात माणसांचा आळस आहे हे खरे, पण रचनेचाही वाटा आहे : ज्यांनी ५६ अंशांची प्रतिमा पाहिली त्यांच्यापर्यंत खुलासा पोहोचवण्याचा कोणताही मार्ग ॲपमध्ये नाही. संदेश ज्या वाटेने गेला ती वाट मागे पुसली जाते. मूळ लिहिणाऱ्याने आपला संदेश सर्वांसाठी पुसला, त्यासाठी दोन दिवसांहून थोडा अधिक अवधी मिळतो, किंवा २०२३ मध्ये आलेल्या सोयीने १५ मिनिटांच्या आत दुरुस्त केला, तरी पुढे गेलेल्या प्रती जशाच्या तशाच राहतात.

आणि यंदा एप्रिलमध्ये तीच प्रतिमा पुन्हा आली, ‘आजचे तापमान’ म्हणून. वहीत तिच्यापुढे मूळ दिनांकाचा रकाना मला भरता आला, कारण तो दिवस मला आठवत होता. नागपूरबाहेरच्या माणसाने तो कसा भरावा?

संदेशाचा जन्मदिनांक त्याच्याबरोबर नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड असेल का, याचा मी पुष्कळ विचार केला आणि संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याशी बोलूनही घेतले. व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात; कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. तरीही संदेश किती वेळा पुढे गेला ही मोजणी होते, कारण तो आकडा संदेशाच्या आत, त्याच कुलपात, प्रवास करतो आणि पुढे पाठवणाऱ्याचा फोन तो एकाने वाढवतो. आकडा असा जाऊ शकतो तर दिनांकही जाऊ शकतो. ‘प्रथम लिहिला : १४ जानेवारी, दोन वर्षांपूर्वी’ एवढी ओळ त्या रक्ताच्या संदेशावर असती तर त्या गृहस्थांचा फोन वाजला नसता. दिनांकाने कोणाची ओळखही उघड होत नाही.

लिहिणाऱ्याचे नाव जावे की नाही, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्यावर मी घाईने मत देणार नाही. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेश सेवांवर अशी जबाबदारी टाकली की, न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यास संदेशाचा पहिला उगम शोधून देता आला पाहिजे. व्हॉट्सॲपने त्याच वर्षी मे महिन्यात या तरतुदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. उगम शोधायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाचा माग ठेवावा लागेल आणि खासगीपणा संपेल, असे कंपनीचे म्हणणे आहे. मला ते पटते. आपल्या कचेरीतल्या अन्यायाबद्दल एखादी स्त्री मैत्रिणीला लिहिते तेव्हा त्या मजकुरावर तिचे नाव कायमचे गोंदले जाऊ नये. ज्याला स्वतःचे नाव जोडायचे आहे त्याला मात्र ते जोडता आले पाहिजे, आणि ही सोय व्हॉट्सॲपमध्ये अर्धवट का होईना, आहे. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलवरील मजकूर पुढे पाठवला तर त्याच्यासोबत त्या चॅनेलचे नाव आणि तिथे परत नेणारा दुवा जातो. टेलिग्रामवर तर साध्या संदेशावरही तो मूळ कोणाकडून आला हे दिसते, आणि ज्याला नको असेल त्याला आपल्या नावामागचा दुवा बंद ठेवता येतो. सरकारी कचेरी, रक्तपेढी, शाळा यांच्या सूचना जर चॅनेलवरूनच निघाल्या, तर त्यांचा धनी कोण हे शेवटच्या वाचकालाही कळेल. रक्ताबाबत तर ई-रक्तकोष या शासकीय संकेतस्थळावर कोणत्या रक्तपेढीत कोणता गट उपलब्ध आहे ते पाहता येते. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून येणाऱ्या नातेवाइकांना ही गोष्ट कोणी तरी सांगायला हवी.

पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबवण्याचा प्रयोगही इतरत्र झालेला आहे. ट्विटरने २०२० मध्ये, न उघडलेला लेख पुढे पाठवू पाहणाऱ्याला ‘आधी वाचणार का?’ असे विचारणे सुरू केले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली आणि त्याचे कारण यंत्रचालित खाती नसून माणसे होती. नवलाची गोष्ट माणसाला सांगावीशी वाटते. ही ओढ मी माझ्यातही पाहते, आणि म्हणूनच एका छोट्या प्रश्नाने थांबवणारे ॲप मला हवे आहे.

ॲडमिन म्हणून मला या सोयीबद्दल काय वाटते, तेही नोंदवते. ग्रुपवरच्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर ॲडमिनला त्यासाठी गुन्हेगार धरता येईल का, या प्रश्नाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या आमच्या नागपूर खंडपीठानेच मार्च २०२१ मध्ये दिला. गोंदिया जिल्ह्यातील त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, ॲडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे याहून फारसे काही नसते. समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. हा निकाल वाचून मला हायसे वाटले होते. पण २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो, म्हणजे आमच्या हातात तेव्हापेक्षा अधिक आले आहे, आणि ते वापरताना मन कचरते. शेजाऱ्याने श्रद्धेने टाकलेला संदेश मी पुसला तर जिन्यात भेटल्यावर ते काय म्हणतील, हा विचार येतोच. १७ मार्च २०२५ रोजी महाल भागात हिंसाचार झाला आणि शहराच्या अनेक पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, त्या रात्री मात्र मी कचरले नाही. ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय चालू केली आणि ज्यांना काही कळवायचे असेल त्यांनी मला फोन करावा असे लिहिले. रात्री दीडपर्यंत फोन येत होते. त्यांतील काहींना मी फक्त एवढेच विचारले, “तुम्ही स्वतः पाहिलं का?” कोणीही पाहिलेले नव्हते. सदस्यांना लिहिण्यापासून थांबवण्याची ही सोय २०१८ पासून ॲपमध्ये आहे आणि ती मला फॉरवर्डच्या सर्व मर्यादांहून अधिक कामाची वाटली.

एका प्रकारच्या संदेशांबद्दल लिहिल्याशिवाय नागपूरच्या ग्रंथपालाला पुढे जाता येत नाही. १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने अवतरणांचा पूर येतो. छायाचित्र, खाली दोन ओळी आणि खाली त्यांचे नाव. ग्रंथ नाही, भाषण नाही, वर्ष नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत, म्हणजे त्यांच्या बाबतीत तरी शोधायला जागा आहे. यंदाच्या एप्रिलमध्ये आलेली अवतरणे मी दोन माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने त्या खंडांत शोधली. काही तंतोतंत सापडली आणि त्यांच्यामागचे पूर्ण प्रकरण वाचताना आम्ही तिघेही दुपारचे जेवण विसरलो. काहींचा आशय बाबासाहेबांचा होता पण शब्द कोणी तरी पातळ केलेले होते. काही कुठेच मिळाली नाहीत. आयुष्यभर संदर्भ आणि पुरावा यांवर भर देणाऱ्या माणसाच्या नावाने संदर्भहीन ओळी फिराव्यात, आणि त्या पुढे पाठवणाऱ्याच्या मनात निखळ आदर असावा, याचे मला फार वाईट वाटते. सापडलेल्या अवतरणांखाली खंड आणि पृष्ठ क्रमांक लिहून आम्ही ती पुन्हा ग्रुपवर टाकली. पुढे कोणी पाठवली तर तो क्रमांक मजकुराचाच भाग असल्यामुळे गळणार नाही.

हाच उपाय मी आमच्या ग्रुपवर नियम म्हणून ठेवला आहे. पुढे आलेला संदेश टाकायचा असेल तर त्याच्या मजकुरात, माथ्यावर नव्हे, दिनांक आणि तो कोणाकडून कळला हे हाताने लिहायचे. दिनांक माहीत नसेल तर दिलेल्या क्रमांकावर आधी एक फोन करायचा. सुरुवातीला तक्रारी आल्या. “काकू, सगळेच पाठवून राहिले, आम्हीच का चौकशी करायची?” असे एकाने विचारले. पण मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबातील मुलाला डेंग्यूमुळे प्लेटलेट्स लागल्या, तेव्हा त्याच्या वडिलांनी लिहिलेल्या संदेशात दिनांक, वेळ आणि ‘सायंकाळी सहापर्यंत गरज आहे, मिळाल्यावर इथेच कळवतो’ असे होते. पावणेपाचला दाते मिळाले, त्यांनी तसे कळवले, आणि ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला होता त्यांनी तिथेही कळवले. फॉरवर्डची सोय किती मोलाची आहे हे मी त्या दुपारी पाहिले. ती काढून टाकावी असे माझे मुळीच म्हणणे नाही.

गुण द्यायचे तर मी या सोयीला पाचपैकी अडीच देईन. वेग आणि सुलभता यांसाठी पूर्ण गुण, मर्यादांसाठी निम्मे, खुणांच्या भाषेसाठी अगदी थोडे, आणि दिनांक गाळण्यासाठी शून्य. ज्येष्ठांना ॲप शिकवणाऱ्या मुलांनी त्यांना दुहेरी बाणाचा अर्थ आधी शिकवावा, हे मात्र आवर्जून सांगते.

जानेवारीतला तो रक्ताचा संदेश मला जुलैमध्ये पुन्हा आला, या वेळी अमरावतीच्या आतेबहिणीकडून. क्रमांक तोच होता, रामदासपेठ तीच होती, वरची ओळ मात्र बदलून ‘आजच हवे’ अशी झाली होती. मी फोन केला नाही. माथ्यावर एकच बाण होता.